सतरा वर्षांत एक गोल

दालियान,
वसंतातली सुरमई बाजारात आल्याला आज चौथा दिवस

तीर्थस्वरूप थोरल्या मामांच्या सेवेशी,

भाचा लुआन जिंगथाई याचा गुडघा टेकून नमस्कार. (एकच टेकला आहे, डावा. उजव्यात दोन खिळे आहेत. तो टेकला की उठायला युएलानला हाक मारावी लागते, आणि दुकानात पीठ मळत असताना ती नवऱ्याला उचलायला येत नाही.)

तुमची तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र अजून शिट्टी वाजवतं का? मामींचा खोकला नाशपातीच्या काढ्याने उतरला असेल अशी आशा करतो. नसेल उतरला, तर काढ्याला बोल लावू नका. मामी तो पीत नाहीत, खिडकीतल्या कुंडीत ओततात. (मी सांगितलं असं सांगू नका. नववर्षाला आलो होतो तेव्हा या डोळ्यांनी पाहिलं. कुंडीतल्या झाडाला मात्र एकदाही खोकला झालेला नाही.) इकडे आई ठणठणीत आहे. ब्याऐंशी पूर्ण झाली, दात सात उरले, तरी सुरमईची वीस डम्पलिंग्ज खाते आणि एकविसावं माझ्या वाडग्यात टाकून, तू काही खात नाहीस म्हणून माझ्यावरच रागावते. तुमची आठवण काढते. म्हणजे शिव्याच घालते, पण त्यात माया असते.

पत्राला कारण तुम्हीच. नववर्षाच्या जेवणाला सगळे नातेवाईक गोल टेबलाभोवती बसले असताना तुम्ही काठी आपटून मला विचारलंत, "जिंगथाई, सतरा वर्षं तू फुटबॉल खेळलास. टीव्हीवर मी तुझे चाळीस सामने पाहिले. चाळीस सामन्यांत तू मला दोनदा दिसलास, त्यात एकदा स्ट्रेचरवर होतास. तू नेमकं करायचास काय?" सगळे हसले. मीही हसलो. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तुम्ही यंत्र काढून टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, लेखी दे. एकतीस वर्षं मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला तोंडी उत्तर चालत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. तर हे लेखी. थोडं लांबेल. चष्मा लावून, बसून वाचावं.

माझी जागा मैदानाच्या मधोमध, बचावफळीच्या जरा पुढे. समोरच्याकडून चेंडू काढून घ्यायचा आणि ज्याला खेळता येतं त्याला द्यायचा. लग्नाच्या मेजवानीत रिकाम्या थाळ्या उचलून नेणारा माणूस असतो ना, तसं. त्याचं काम चोख झालं तर पाहुण्यांना तो दिसतच नाही. दिसला, म्हणजे काहीतरी फुटलं. तेव्हा चाळीस सामन्यांत मी तुम्हाला दोनदाच दिसलो हे माझं प्रगतिपुस्तक समजा. वाईट नाही.

या कामासाठी मला कुणी निवडलं नव्हतं. अकरा वर्षांचा असताना क्रीडाशाळेच्या लोकांनी माझ्या हाताचा एक्स-रे काढला. हाडं बघून मूल किती वाढणार ते सांगणारे डॉक्टर असतात. त्यांनी बाबांना सांगितलं, हा एक मीटर अठ्ठ्याऐंशी होणार. बाबांनी दाराच्या चौकटीवर तेवढ्या उंचीवर खूण करून ठेवली. दर महिन्याला मला तिच्याखाली उभं करायचे आणि दर महिन्याला डोकं हलवायचे. एक मीटर एकाहत्तरला मी थांबलो. कित्येक वर्षांनी कळलं की त्या दिवशी एक्स-रेच्या दोन पाकिटांची अदलाबदल झाली होती. ज्याला 'हा ठेंगणाच राहणार' म्हणून परत पाठवलं, तो मुलगा आज शहरात बस चालवतो. गाडीतून उतरताना तो मान वाकवून उतरतो. मी त्याच्या बसने जातो कधीकधी. ओळख दाखवत नाही, त्याला उगाच वाईट वाटायचं. अशा रीतीने गोलकीपर म्हणून घेतलेल्या मुलाला मधल्या फळीत ढकललं गेलं, कारण तिथे चेंडू डोक्यावरून गेला तरी चालतो.

मला येत होतं ते एकच, धावणं. त्या काळी दर वसंतात देशभरातले सगळे संघ कुनमिंगच्या डोंगरात गोळा करायचे आणि बारा मिनिटांची धाव घ्यायचे. ठरलेलं अंतर बारा मिनिटांत कापलं नाही, तर वर्षभर खेळायला बंदी, मग तुम्ही कितीही मोठे खेळाडू असा. तिथली हवा विरळ. ज्यांच्या नावाने अख्खं स्टेडियम ओरडायचं, ती माणसं तिथे कुंपणाला धरून ओकायची. मी मात्र दर वर्षी पास. त्यात शौर्य काही नव्हतं. लहानपणी आईने दुधाला पाठवलं की दूध संपायच्या आत पोहोचावं लागायचं, त्याचा हा परिणाम.

तिथेच सुई छांगलिनशी माझी खरी गाठ पडली. सुई छांगलिन म्हणजे आमचा कप्तान. तुम्हाला नाव आठवेलच, पुढे ते सगळ्यांना आठवलं. त्याच्या डाव्या पायात काय होतं देव जाणे. चाळीस मीटरवरून चेंडू असा ठेवायचा की घेणाऱ्याला वाटावं, आपणच हुशार. पण धावायच्या नावाने शून्य. एकदा पहिल्या फेरीत नापास झाला आणि दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीला मला म्हणाला, "तू माझ्यापुढे धाव. मी घड्याळाकडे बघणार नाही, तुझ्या पाठीकडे बघतो." माझी फेरी आदल्या दिवशीच झाली होती. मी पुन्हा धावलो. पूर्ण बारा मिनिटं मी पुढे आणि मागून तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. चार सेकंद राखून पास झाला. आभार मानले नाहीत. दहा वर्षं दर वसंतात हेच चाललं. (युएलान म्हणते, तुझी खरी कारकीर्द हीच. बाकीचं सगळं कपडे धुण्यासाठी होतं.)

आमच्या क्लबचं नाव दर दोन वर्षांनी बदलायचं, हे तुम्हाला दालियानला येऊन तिकीट काढताना कळलं होतंच. चुकीच्या खिडकीवर उभे होतात. जो मालक, त्याच्या मालाचं नाव. आई निष्ठावान. जर्सीवर जे लिहिलेलं असेल ते ती विकत घ्यायची. खोकल्याच्या औषधाच्या वर्षी घरात कुणी खोकलं नाही तरी औषध पाजलं. बिअरच्या वर्षी बाबा म्हणाले, मुलाने अखेर नाव काढलं. सिमेंटच्या वर्षी मागच्या अंगणात एक ओटा बांधला, तो अजून आहे आणि कशाचा ते कुणाला माहीत नाही.

मध्ये एक परदेशी प्रशिक्षकही येऊन गेला. माणूस भला होता, पण त्याचा दुभाषा आयुष्यभर पंपांची माहितीपत्रकं भाषांतरित करत आलेला. त्यामुळे प्रशिक्षक टेबलावर मुठी आपटून पाच मिनिटं बोलायचा आणि दुभाषा शांतपणे सांगायचा, "डावीकडचा दाब वाढवा, गळती थांबवा, मधली झडप बंद ठेवा." मधली झडप म्हणजे मी. पुढची सहा वर्षं मला सगळे झडपच म्हणत. त्या वर्षी आम्ही चौथे आलो, तेव्हा भाषांतर फार चुकत नसावं.

आता चहाची गोष्ट. ही तुम्हाला अर्धीच माहीत आहे.

एका मोसमातला शेवटचा सामना. आम्ही मधेच कुठेतरी, ना वर ना खाली. समोर उत्तरेकडचा एक संघ. त्यांना जिंकायलाच हवं होतं, नाहीतर खालच्या गटात जाणार. सामन्याच्या दोन दिवस आधी हॉटेलात जेवून खोलीवर गेलो, तर माझ्यासोबत राहणाऱ्या उजव्या बचावपटूच्या पलंगावर चहाचे दोन डबे. लाल, वर सोनेरी ड्रॅगन. मी विचारलं, कुठून आणले? म्हणाला, भेट आहे. बाहेर आलो, तर ज्याच्या त्याच्या खोलीत दोन-दोन डबे. राखीव गोलकीपरला, ज्याने दोन वर्षांत हातमोजे घातले नव्हते, त्यालाही! मला नाही. मामा, मी लोभी नाही, पण माणसाला लागतं. मी तडक कप्तानाच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "सगळ्यांना चहा, मला का नाही? मी काय संघात नाही?"

सुई छांगलिन पलंगावर पाय बादलीत घालून बसला होता. एक पाय बाहेर काढून त्याने टॉवेलने पुसला. मग म्हणाला, "डबे कमी पडले. उद्या देतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी एक पुडा आणून दिला. जाईच्या फुलांचा चहा, साधा कागदी पुडा, अर्धवट वापरलेला. मला डबा हवा होता, पण म्हटलं, भावना महत्त्वाची. तो चहा मी संपवला. बरा होता, थोडा जुना.

सामना सुरू झाला आणि विसाव्या मिनिटाला त्यांनी कॉर्नरवरून गोल केला. आमची बचावफळी पाहुण्यांना वाट द्यावी तशी बाजूला झाली. मला वाटलं, थकलेत. मोसमाचा शेवट. तेव्हा मी सगळ्यांच्या वाटचं धावायचं ठरवलं. डावीकडची गळती, उजवीकडची गळती, जिथे तिथे मी. पुढे कुणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं की त्या दिवशी मैदानावर एकच माणूस होता. लिहिणाऱ्याला ते कौतुक वाटलं असणार. किती शब्दशः खरं होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

सामना संपायला चार मिनिटं असताना मी मध्यात चेंडू काढून घेतला. आता द्यायचा. डावीकडे बघितलं, तो बुटाची नाडी बांधतोय. उजवीकडे बघितलं, तो मोजे वर ओढतोय. कप्तान कमरेवर हात ठेवून उभा आणि तळहाताने मला खुणावतोय, हळू, हळू. सतरा वर्षांत मला प्रथमच चेंडू द्यायला माणूस सापडेना. म्हणून तसाच पुढे गेलो. समोरचेही मला अडवेनात. झडप कधी पुढे येते का, असं त्यांना वाटलं असणार. तीस मीटरवर मला भीती वाटायला लागली. भीती वाटली की मी चेंडू लांब मारतो. तसा मारला.

गोल झाला, मामा. खांबाला लागून आत.

माझा एकुलता एक गोल. गोल झाल्यावर काय करतात ते मी आयुष्यभर पाहिलं होतं, कधी केलं नव्हतं. कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावलो. कुणी मागून येऊन अंगावर उड्या मारतील म्हणून थांबलो. कुणी आलं नाही. म्हणून झेंड्यालाच मिठी मारली. मागे वळून पाहिलं, तर आमचे दहाजण जागच्या जागी आणि त्यांचा गोलकीपर माझ्या आईबद्दल बोलतोय. शेवटी सुई छांगलिन चालत चालत आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जिंगथाई, हे काय केलंस रे?"

मी म्हणालो, "मलाही कळलं नाही!"

त्या क्षणाचा फोटो आईच्या पलंगाच्या वर टांगलेला तुम्ही पाहिला आहे. त्यात कप्तानाचा चेहरा भरून आल्यासारखा दिसतो. भरूनच आलं होतं त्याला. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला आणि उत्तरेकडचा संघ खालच्या गटात गेला. बसमध्ये परतताना कुणी गाणं म्हटलं नाही. मला वाटलं, हेवा. पुढच्या चार वर्षांत गुडघा गेला, खिळे आले आणि एके दिवशी क्लबच्या फलकावर माझ्या निवृत्तीची सूचना लागली. त्यात माझ्या नावाचं एक अक्षर चुकलं होतं. ते मी पेनाने दुरुस्त केलं आणि घरी आलो. युएलान म्हणाली, पीठ मळायला बस.

मग सात वर्षांनी ती चौकशी. त्या खालच्या गटात गेलेल्या संघातल्या कुणीतरी चिडून सगळं सांगून टाकलं होतं. मला बोलावलं तेव्हा मी डम्पलिंग वळता वळता उठून गेलो. समोर दोन अधिकारी. एकाने विचारलं, "त्या सामन्याआधी तुम्हाला चहा मिळाला?"

"हो," मी म्हणालो.

दोघांनी एकदम लेखण्या उचलल्या. "किती?"

"एक पुडा."

"डबा नाही?"

"डबे संपले होते. मी तक्रार केली, तेव्हा पुडा दिला."

"म्हणजे तुम्ही मागून घेतलात?"

"हो. सगळ्यांना मिळाला, मला का नाही?"

दुसरा अधिकारी खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "लुआन साहेब, नीट आठवून सांगा. पुड्यात जे होतं त्याचं तुम्ही काय केलंत?"

"प्यालो."

"प्यालात?"

"तीन आठवडे पुरला. पाणी फार उकळू दिलं तर कडवट व्हायचा."

मला चार तास बसवून ठेवलं. पुन्हा पुन्हा तेच विचारलं आणि मी पुन्हा पुन्हा प्यालो. शेवटी आतल्या खोलीत कुणाशी तरी बोलून आले आणि मोठा अधिकारी म्हणाला, "तुमचा कप्तान सांगतो, तुमच्या पुड्यात खरंच चहा होता. तुम्ही जाऊ शकता." दारापर्यंत मला सोडायलाही आला. अशा कामात त्याला हसायला फार मिळत नसावं.

बाकीच्यांच्या डब्यांत नोटा होत्या. संघातल्या नऊजणांवर बंदी आली. सुई छांगलिनला साडेतीन वर्षं तुरुंग. वर्तमानपत्रात माझ्याविषयी चार ओळी आल्या, 'एकमेव प्रामाणिक'. तुम्ही त्या कापून शाळेच्या फलकावर लावल्यात आणि प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवल्यात, आणि बाकीच्यांना समुद्रात बुडवायला हवं असंही म्हणालात, हे मला मामींकडून कळलं. मला बरं वाटलं. खोटं का बोलू? पण एक गोष्ट तेव्हापासून घशात काट्यासारखी होती. मी प्रामाणिक होतो की बिनमहत्त्वाचा? डबा परत करणारा माणूस प्रामाणिक. ज्याच्यापर्यंत डबा आलाच नाही, त्याला काय म्हणायचं? तुम्ही भाषा शिकवत होतात, तुम्हाला शब्द ठाऊक असेल.

उत्तर गेल्या हिवाळ्यात मिळालं, ते आमच्या गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक हमामात. गुडघा आखडला की मी तिथे जातो. वाफ घेतली, फळीवर पालथा पडलो आणि पाठ घासणाऱ्याला म्हटलं, जरा जोर लावून. त्याने मानेपासून सुरुवात केली, पाठीवर आला आणि थांबला. मग म्हणाला, "ही पाठ मी ओळखतो. दहा वर्षं हिच्यामागे धावलोय."

मान वळवून बघितलं. कमरेला टॉवेल, हातात घासणी, केस पांढरे. सुई छांगलिन.

दोघेही उघडे. म्हणालो, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "बरा आहे. हात खाली घे." आणि घासायला लागला. थोड्या वेळाने मी विचारलंच, "माझं नाव यादीत नव्हतं का?"

"होतं. मी खोडलं."

"का?"

"तू खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. दुसऱ्याच दिवशी सगळे पकडले गेलो असतो."

"एवढंच?"

"अकराच्या अकरा चालायला लागले तर प्रेक्षकांना संशय येतो. एक तरी धावणारा लागतो."

मामा, मला राग आला. म्हणजे मी सडकी फळं झाकायला दुकानाच्या दर्शनी भागात ठेवलेलं चांगलं फळ! मी उठलो. फेस लागलेल्या अंगाने कुणाला मारता येत नाही, पाय घसरतो. म्हणून नुसताच निघून आलो. अर्धी पाठ घासलेली, अर्धी तशीच. आठ दिवस उजवा खांदा स्वच्छ आणि डावा मळका घेऊन फिरलो. युएलानने विचारलं तेव्हा सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुझं घर फोडलं नाही म्हणून चोरावर रागावतोस? जा, उरलेली पाठ घासून ये." आणि हातात सुरमईच्या डम्पलिंगचा डबा दिला.

गेलो. तो म्हणाला, "पालथा हो." पडलो. या वेळी त्याने न विचारता सांगितलं. माझ्या गोलाने सगळा सौदा मोडला. ज्यांनी चहा दिला त्यांनी डबे परत मागितले, घरापर्यंत आले, त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना दारात अडवून शिव्या दिल्या. शेवटी त्यांच्यातलाच एकजण चिडून बोलला आणि सगळे आत गेले. म्हणजे मामा, माझ्या सतरा वर्षांतल्या एकुलत्या एक गोलाने माझ्या कप्तानाला तुरुंगात घातलं. मी फळीवर तोंड दाबून पडून होतो. तसंच विचारलं, "तो गोल तरी खरा होता का? की त्यांनीही वाट दिली होती?"

तो घासायचा थांबला. "वेडा आहेस का? त्यांना जिंकायचं होतं. त्या दिवशी मैदानावर दोनच गोष्टी खऱ्या होत्या. तुझा गोल आणि त्यांच्या गोलकीपरची शिवी." मग बादलीभर गरम पाणी पाठीवर ओतलं आणि म्हणाला, "चांगला मारलास. पण चेंडू मला द्यायला हवा होता. मी मोकळा होतो."

"तू हळू हळू म्हणत होतास!"

"हात तसं म्हणत होता," तो म्हणाला. "पाय मोकळा होता. उताणा हो."

तेव्हापासून दर बुधवारी जातो. फुटबॉलबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. त्याची बायको निघून गेली, मुलगी दक्षिणेत असते, फोन करते. डम्पलिंगला आलं कमी आहे म्हणतो. पहिल्या वेळेला त्याने सगळी खाल्ली होती, तरीही.

तर तुमच्या प्रश्नाचं लेखी उत्तर असं: सतरा वर्षं मी इतरांसाठी चेंडू काढून आणला, एकदा देण्यासाठी कुणी सापडलं नाही म्हणून स्वतः मारला, आणि त्याचा हिशेब अजून कुणाला लागलेला नाही. तुम्ही गुण द्याल ते मान्य. मामींना आणि तुम्हाला उभयतांना नमस्कार. थंडी अजून गेलेली नाही, पहाटे अंगणात जाताना टोपी घालावी. इथेच थांबतो, पीठ फुगून भांड्याबाहेर आलं आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
जिंगथाई

ता. क. सोबत खारवलेली सुरमई पाठवली आहे. रात्रभर पाण्यात ठेवावी. मामींनी तशीच तळली, तर माझं नाव घेऊ नये.

दुसरं ता. क. हमामातल्या वाफेने सुई छांगलिनची छाती धरते. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा, मोकळ्या हवेत राहा. तुमच्या सफरचंदाच्या बागेतली राखणदाराची खोली शरदापासून रिकामी आहे असं मामी म्हणत होत्या. सफरचंदं कशी आणि कुठून पळवतात याचा अंदाज त्याला तुमच्या आधीच्या राखणदारापेक्षा जास्त असेल. तुम्ही 'अशा माणसांना' काय म्हणालात ते मला ठाऊक आहे. पण तुमच्या शाळेत परीक्षेत नक्कल करताना सापडलेल्या मुलांना तुम्ही काढून टाकायचात, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा बोलावून आणायचात, हेही आई सांगते.

तिसरं ता. क. पाकिटावर टपालाचं तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. पत्र घेऊन आलेला उंच, पांढऱ्या केसांचा माणूस तोच. मी त्याला एवढंच सांगितलं आहे की मासे पोहोचवायचे आहेत आणि मामांच्या उत्तरासाठी थांबायचं आहे. पत्र मुद्दाम एवढं लांबवलं. चौदा पानं वाचायला तुम्हाला तासभर लागणार, आणि मामी कुणाला तासभर राळ्याच्या पेजेशिवाय दारात उभं ठेवत नाहीत. ज्याने तुमच्या घरची पेज खाल्ली त्याला तुम्ही आजवर हाकललेलं नाही. आत्तापर्यंत त्याचा दुसरा वाडगा चालू असेल. बोटीचं तिकीट मी एकाच बाजूचं काढलं आहे. त्याने विचारलं, काय लिहिलंय, तर सांगा, तब्येतीची चौकशी केली आहे.